प्रमिलाताईंचं इंजिन

प्रमिलाताई मुखेडकरांइतकी घाबरट बाई मी दुसरी पाहिली नाही. गोदावरीच्या पाण्यावर जुनी शिडाची होडी घेऊन जाणारी बाईही मी तेवढी एकच पाहिली. त्या दोघी एकच, हे सांगितलं की लोकांना पटत नाही. मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

ताई नांदेडला आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या आणि मी इतिहास. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. उंच, हडकुळ्या, केस घट्ट बांधलेले. पायात कायम पट्ट्याच्या चपला, कारण साध्या चपलेवरून पाय घसरतो. स्टाफरूममध्ये पंख्याच्या बरोबर खालची खुर्ची त्यांनी कधी घेतली नाही. लिफ्टमध्ये चढायच्या नाहीत. कुकरच्या शिट्ट्या स्वयंपाकघराबाहेर उभ्या राहून मोजायच्या. प्रयोगशाळेत ॲसिडची बाटली उघडण्याआधी पुढच्या बाकावरच्या मुलींना मागे पाठवायच्या. त्यांच्या माघारी पोरं त्यांची नक्कल करायची आणि त्यांना ते माहीत होतं.

"मला भीती वाटते बाई," त्या म्हणायच्या. एखादीने 'मला शुगर आहे' म्हणावं तशा सुरात. त्यात लाज नसायची आणि कौतुकही नसायचं. मुलींना मात्र त्या एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायच्या. "भ्यायला हरकत नाही. हात थरथरायला लागले की बाटली खाली ठेवायची, एवढंच."

घरी त्या आणि त्यांचे थोरले भाऊ, अण्णा. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. अण्णा नौदलात होते, जहाजाच्या इंजिनघरात. मुखेडसारख्या ठिकाणी वाढलेला माणूस समुद्रावर कसा गेला, हे विचारलं की ते नुसते हसायचे. रिटायर होऊन नांदेडला आले तेव्हा त्यांनी एक वेडेपणा केला. मुंबईकडच्या कुठल्याशा क्लबात मोडीत निघालेली लाकडी होडी विकत घेतली आणि ट्रकवर आडवी टाकून इथं आणली. डोलकाठी, शिडं, सुकाणू सगळं होतं. पोटात फळ्यांखाली एक जुनं पेट्रोलचं इंजिन. धरणाच्या वरच्या अंगाला, जिथं नदीचं पाणी पसरून तळ्यासारखं होतं, तिथं मारुती भोयाच्या घरासमोर त्यांनी ती बांधली. आठवड्यातून दोनदा शीड लावून फिरायचे. इंजिन फक्त काठापासून आत जायला आणि परत यायला. ताई थर्मास घेऊन काठावर उभ्या. त्यांना पोहता येत नव्हतं. अण्णा परत येईपर्यंत त्या खाली बसायच्यासुद्धा नाहीत.

मग अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एक शब्द तेवढा राहिला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, सगळी भाषा जाते आणि एखादा शब्द जिभेवर राहून जातो. अण्णांचा शब्द होता 'थांब'. चहा हवा असला तरी थांब, पाठ दुखली तरी थांब, दारात कोण आलंय असं विचारायचं असलं तरी थांब. सुरावरून अर्थ लावायचा. त्यांनी हळूहळू जेवण सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. ताई रोज कॉलेजात यायच्या, तास घ्यायच्या, आणि मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन म्हणायच्या, "वंदना, आज दोनच घास."

एका रविवारी त्यांनी रिक्षा करून अण्णांना पाण्यावर नेलं. नुसती होडी दाखवायला. मारुतीने आणि त्याच्या भावाने खुर्चीसकट उचलून त्यांना होडीत बसवलं. अण्णांनी डावा हात सुकाणूवर ठेवला आणि होडी बांधलेल्या दोराकडे बघत म्हणाले, "थांब." मारुतीला काही कळेना. ताईंना कळलं. "दोर सोडा म्हणून राहिलेत," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मारुतीने वल्ही मारून काठाकाठाने फिरवलं. परत आल्यावर अण्णा डबाभर भात जेवले.

पण वल्ह्यांवर ती जड होडी लांब नेता येत नव्हती, आणि एका हाताने शीड लावणं शक्य नव्हतं. राहिलं इंजिन. मारुतीने हात जोडले. "ताई, मला वल्हं द्या, जाळं द्या. हे पेट्रोलचं काम आपल्याला न्हाई जमत." गावातून एक मेकॅनिक आणला, त्याने कार्बोरेटर साफ करून दिला आणि इंजिन दोन रविवार चाललं. दुसरा म्हणाला, भंगारात घाला. तिसरा इतक्या लांब यायलाच तयार नव्हता. तेव्हा पाण्याला, आगीला आणि आवाजाला भिणाऱ्या प्रमिलाताईंनी इंजिनावरच्या फळ्या स्वतः उचलल्या.

त्यांनी ते इंजिन कसं शिकून घेतलं ते मी थोडंफार पाहिलंय. अण्णा वर बसलेले, ताई खाली वाकलेल्या, हातात पाना. "अण्णा, हे खोलू?" "थांब." "म्हणजे खोलू की नको?" "थांब." मग त्या त्यांच्या चेहऱ्याकडे बघायच्या. भुवई वर गेली की होय. कपाळाला आठी पडली की नाही. नटामागून नट, असं एक-एक विचारत त्यांनी सगळी पेट्रोलची वाट पाठ केली. टाकी, नळी, गाळणी, हातपंप, कार्बोरेटर. मला म्हणायच्या, "बंद पडलं की टाकीपासून निघायचं आणि कुठं अडलंय ते बघत पुढं यायचं. मधेच उडी मारायची नाही."

पहिलाच त्रास निघाला पाण्याचा. इंजिन सुरू व्हायचं, खोकायचं, बंद पडायचं. ताईंनी प्रयोगशाळेतून एक काचेची उभी बरणी नेली, टाकीच्या तळातून पेट्रोल काढलं आणि बरणी सावलीत ठेवली. थोड्या वेळाने खाली वेगळा थर दिसायला लागला. मला बोलावून दाखवलं. "हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि फार झालं की पाण्याला घेऊन खाली बसतं. गाडी रोज चालते म्हणून गाडीला कळत नाही. ही बिचारी पंधरा-पंधरा दिवस पाण्यावर उभी असते." तेव्हापासून त्या परत आल्यावर टाकी रिकामी करून घ्यायच्या आणि दर वेळी ताजं पेट्रोल आणायच्या. आतल्या जुन्या रबरी नळ्याही त्याच पेट्रोलने फुगून चिकट झाल्या होत्या. त्या बदलल्या. आपण कधी पाना हातात धरू असं त्यांना वाटलं होतं का, मी विचारलं. "अजून वाटत नाही," म्हणाल्या.

पण पाण्यापेक्षा त्या वाफेला जास्त भ्यायच्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जात नाही, होडीच्या पोटात खाली साचून राहते, आणि मग एक ठिणगी पुरते. हे त्या वर्गात शिकवायच्या, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांसमोर ते सतत घडत असावं. म्हणून त्यांचा नियम होता, आधी नाक, मग किल्ली. सगळ्या फळ्या उघडायच्या, होडी वाऱ्यावर राहू द्यायची. मग गुडघ्यावर बसून, पदर खोचून, डोकं अगदी आत घालून त्या वास घ्यायच्या. जरा वास आला की सगळ्यांनी काठावर उतरायचं. अण्णांनासुद्धा खुर्चीसकट उतरवायच्या. मारुती कुरकुरायचा, "ताई, वास तर येणारच की, पेट्रोल हाय ते." ताई ऐकायच्या नाहीत.

एकदा स्टाफरूममध्ये कुणीतरी स्कूटरसाठी पाण्याच्या बाटलीत पेट्रोल आणून कपाटामागे ठेवलं होतं. ताई आत आल्या, दारातच थबकल्या, आणि सगळ्यांना बाहेर काढलं. प्राचार्यांनासुद्धा. वीस माणसं व्हरांड्यात उभी राहून हसत होती आणि ताई एकट्या आत जाऊन खिडक्या उघडत होत्या. मी दारातून पाहिलं. त्यांच्या हाताला कापरं भरलं होतं. बाटली उचलायच्या आधी त्या थांबल्या, हात साडीला पुसले, कापरं जाईपर्यंत उभ्या राहिल्या, आणि मगच उचलली.

मी त्यांच्याबरोबर पाण्यावर फार वेळा गेले नाही. मला सांगायचाय तो दिवस ऑक्टोबरातला. पावसाने मधले कितीतरी दिवस होडी निघालीच नव्हती. अण्णांनी पुन्हा जेवण कमी केलं होतं. त्या सकाळी ऊन पडलं. ताईंनी ताजं पेट्रोल घातलं, बरणीत तपासलं, वास घेतला, काठाशी थोडा वेळ इंजिन चालवून पाहिलं. सगळं ठीक. आम्ही तिघंच निघालो. अण्णा सुकाणूवर, ताई इंजिनाजवळ, मी पुढे. तिघांच्या अंगात बुडू न देणारी नारंगी जाकिटं. मारुती दोर सोडताना म्हणाला, "लवकर फिरा ताई. वरच्या अंगाला पाऊस लई हाय म्हणून राहिले."

मधोमध गेलो आणि इंजिनाचा आवाज बारीक झाला. दोनदा अडखळलं आणि बंद पडलं.

ताईंनी गाळणीची काच पाहिली. स्वच्छ. पाण्याचा थेंब नाही. तोवर थोडा वेळ गेला होता. किल्ली फिरवली तर इंजिन लगेच सुरू झालं. मला हायसं वाटलं. जरा पुढे गेलो आणि पुन्हा तेच. बारीक, अडखळ, बंद. आता पश्चिमेकडून वारा सुटला होता आणि होडी आपोआप धरणाच्या भिंतीच्या दिशेला सरकत होती. मी मारुतीला फोन लावला. तो म्हणाला, "एवढ्या वाऱ्यात माझी होडी उलटी व्हईल ताई. नांगर टाका, नांगर."

नांगर टाकला. दोर ताणला, सुटला, पुन्हा ताणला. खाली नुसता गाळ, नांगर कशालाच धरेना. आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

धरणाचे दरवाजे उघडायच्या आधी तो वाजतो. गावात घरी बसून तो मी कितीदा ऐकला होता. पाण्यावरून ऐकताना तो पोटातून आल्यासारखा वाटला. फळीची कड मी इतकी घट्ट धरली होती की नखाखाली लाकडाचं कुसळ गेलं ते नंतर कळलं. ताईंचा चेहरा पांढराफटक होता. तरी त्या हातपंप दाबत होत्या. "ओढून राहिलाय," त्या पुटपुटल्या. "पंप ओढतोय, पण पेट्रोल येईना." पुन्हा किल्ली. पुन्हा किल्ली. इंजिन नुसतं घरघरत होतं.

"थांब," अण्णा म्हणाले.

"अण्णा, आता थांबायला वेळ नाही."

"थांब." त्यांनी सुकाणू सोडून डाव्या हाताने ताईंचं मनगट धरलं. सुकाणू सुटल्याबरोबर होडी आडवी झाली आणि एक लाट आत आली. मी ओरडले. ताई मात्र त्या हाताकडे बघत राहिल्या, मग अण्णांच्या तोंडाकडे. भुवई वर नव्हती, आठी नव्हती. नुसते बघत होते.

"मघाशी आपण थांबलो तेव्हा सुरू झालं होतं," ताई हळू म्हणाल्या, कुणाला सांगितल्यासारखं नाही. "नुसतं थांबून का सुरू होईल? टाकी भरलेली आहे. गाळणी साफ आहे. पंप ओढतोय." मग त्या मागे सरकल्या, टाकीजवळ. "वंदना, टाकीत हवा जात नाहीये. हवा जात नाही म्हणून पेट्रोल बाहेर येत नाही. थांबलं की कुठूनतरी जराशी शिरते, तेवढंच चालतं."

"मग झाकण उघडा ना."

"इंजिन तापलंय. वाफ खाली गेली तर आपण तिघं इथंच संपू."

त्यांनी आधी सगळ्या फळ्या उघडल्या, वारा आत घुसेल अशा. मग झाकणावर ओला नॅपकिन टाकला आणि ते अगदी सावकाश फिरवलं. आत हवा शिरल्याचा आवाज मीसुद्धा ऐकला. लांब, सुस्कारा टाकल्यासारखा. पाठोपाठ पेट्रोलचा वास. ताईंनी झाकण सैलसर बसवलं, भोवती ओलं कापड गुंडाळलं आणि गुडघ्यावर बसून डोकं होडीच्या पोटात घातलं.

आता भिंत स्पष्ट दिसत होती. उघडलेल्या दरवाजांमधून पडणाऱ्या पाण्याचा आवाज यायला लागला होता, एकसारखा, दळल्यासारखा. मी म्हणाले, "ताई, सुरू करा."

"वास आहे अजून."

"ताई, भिंत आली."

"दिसतेय मला. वास आहे."

माझ्या आयुष्यात त्याइतका लांब वेळ दुसरा गेला नाही. मला त्यांच्या हातातून किल्ली ओढून घ्यावीशी वाटत होती. त्या वाकलेल्या, श्वास घेत होत्या, सोडत होत्या, पुन्हा घेत होत्या. मग त्या उठल्या. हात जाकिटाला पुसले. दोन्ही हात समोर धरून बघितले. आणि किल्ली फिरवली.

इंजिन लागलं. अण्णांनी सुकाणू वळवलं. लाटा समोरून येत होत्या, होडी एकेका लाटेवर आपटत होती, ताई एका हाताने टाकीचं झाकण धरून बसल्या होत्या. मी भिंतीकडे पाठ केली आणि काठ येईपर्यंत मागे पाहिलं नाही.

काठावर मारुती छातीएवढ्या पाण्यात उभा होता. त्याने दोर पकडला. अण्णांना उतरवलं, मला उतरवलं. ताईंची बोटं झाकणावरून सुटेनात. मारुतीने ती एक-एक करून सोडवली. "झालं ताई, झालं. आली होडी." ताई उतरल्या, झुडपामागे जाऊन ओकल्या, चूळ भरली आणि परत होडीत चढल्या. टाकीला हवा घ्यायला एक बारीक नळी होती, तिचं तोंड बाहेरच्या बाजूला. त्यात त्यांनी तार घातली. आतून चिखलाची सुकलेली गोळी निघाली. कुंभारीण माशीने तिथं घर केलं होतं. पावसाच्या दिवसांत होडी उभी होती तेव्हा.

"एवढीशी माशी," ताई म्हणाल्या, आणि काठावर बसून रडल्या. अण्णा खुर्चीतून बघत होते.

नंतर मी एकदा विचारलं, अण्णांना खरंच कळलं होतं का? की त्यांचा तो एकच शब्द आहे म्हणून ते तो म्हणाले?

"मीसुद्धा विचारलं त्यांना."

"काय म्हणाले?"

"थांब म्हणाले." मग त्या थोडं हसल्या.

मला वाटलं होतं आता त्या होडीला हात लावणार नाहीत. पण पाणी ओसरल्यावर पहिल्याच रविवारी त्या गेल्या. नळीच्या तोंडाला त्यांनी पितळेची बारीक जाळी लावून घेतली होती. मी म्हणाले, "ताई, भीती नाही वाटत?"

"वाटते ना. रात्रभर झोप नाही. पण अण्णा जेवत नाहीत ना बाई."

असे आणखी दोनेक हिवाळे गेले. मग एका पहाटे अण्णा झोपेतच गेले. ताई तोवर रिटायर झाल्या होत्या. लातूरच्या भाचीने त्यांना आपल्याकडे बोलावलं. नांदेडचं घर आवरलं. होडी पलीकडच्या काठावरच्या मासेमारांना द्यायची ठरली, पुराच्या वेळी त्यांना तिचा उपयोग होता. ती न्यायला तिकडून माणसं येणार होती, पण ताई म्हणाल्या, इंजिन त्यांच्या ओळखीचं नाही, मीच घेऊन जाते. तिकडूनच जीपने लातूरला जाईन. सामान आधीच गेलं होतं.

त्या दिवशी काठावर मी आणि मारुती. वारा नव्हता. ताईंनी फळ्या उघडल्या, वास घेतला, इंजिन सुरू केलं आणि निघाल्या. एकट्या. निरोपाचं काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, मनात इंजिन असेल.

मधोमध आवाज बंद झाला.

मारुती आपल्या होडीकडे पळाला. मी फोन लावला. वाजत राहिला, त्यांनी उचलला नाही. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून मी पाहत होते. इंजिन बंद पडलं की ताई नेहमी वाकलेल्या असायच्या, कोपर हलताना दिसायचं. आता त्या सरळ बसल्या होत्या. सुकाणूजवळ, अण्णा बसायचे तिथं. हात मांडीवर.

"काही करून न्हाई राहिल्या ताई," मारुती दोर सोडता सोडता म्हणाला, आणि त्याचा आवाज मला आवडला नाही. मी पुन्हा फोन लावला. काय काय मनात आलं ते मी लिहीत नाही. त्यांना पोहता येत नव्हतं.

मारुतीने वल्हं पाण्यात घातलं तेवढ्यात त्या वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या. मग इंजिनाचा आवाज आला आणि होडी पुढे निघाली. मारुती वल्हं तसंच धरून बसला.

फोन आला तेव्हा त्या पलीकडे उतरल्या होत्या.

"काय बिघडलं होतं ताई?"

"काही नाही. मीच बंद केलं होतं."

"का पण?"

"अगं, ते चालू असलं की माझे कान सगळे त्याच्याकडेच. इतकी वर्षं पाण्यावर गेले, पण तिथं दुसरं काही ऐकू आलं नाही मला. म्हटलं, अण्णा बसून काय ऐकायचे ते बघावं एकदा."

"काय ऐकू आलं?"

"पाणी," त्या म्हणाल्या. आणि जरा वेळाने, "मग भीती वाटली. बरं चल, जीपवाला हाका मारून राहिला."

पलीकडच्या चढावर एक पांढरी जीप उभी होती. एक उंच, हडकुळी आकृती जपून पावलं टाकत वर गेली. होडी तिथल्या माणसांच्या हवाली केली होती, पाणी मागे राहिलं होतं, पण अंगातलं नारंगी जाकीट काढायचं त्या विसरल्या असाव्यात. ते घालूनच त्या जीपमध्ये बसल्या, आणि दार नीट लागलं आहे ना हे त्यांनी आतून दोनदा ओढून पाहिलं.